बटणांची काटकसर

कॉम्प्युटर बटणं दाबून दाबून झिजतो, असं आमच्या राधाकिसनशेठचं पक्कं मत होतं. शेठ मूळचे कापसाचे अडते. परभणीत जिंतूर रोडला त्यांच्या आडतीवरचा मजला रिकामा पडला होता आणि त्यांच्या साडूनं औरंगाबादेत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. साडूच्या मागं राहायचं नाही, एवढ्या एका कारणासाठी शेठनी मशीनं आणली आणि शिकवायला मला ठेवलं. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी वर्षभराचा एक कोर्स करून आलो होतो, म्हणजे तेव्हाच्या परभणीत या विषयातला मी जवळजवळ शास्त्रज्ञच.

दुपारी माल उतरवून झाला की शेठ जिना चढून वर यायचे आणि दारात खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचे. लोकांना वाटायचं, शेठची वामकुक्षी चालली आहे. खरं तर ते बटणांचा आवाज ऐकत असायचे. कुणी जोरात टकटक करू लागलं की डोळे न उघडता म्हणायचे, "मास्तर, त्या कोपऱ्यातल्याला सांगा, ते शिलाईचं मशीन न्हाई." त्यांची भीती अगदीच अस्थानी होती असं नाही. खालून कापसाचे तंतू उडून वर यायचे, कीबोर्डच्या फटींत बसायचे, आणि मग एखादं बटण दाबलं की ते खालीच राहायचं. दुसरा कीबोर्ड औरंगाबादेहून यायला फार दिवस लागत. शेठनी एक जास्तीचा आणून ठेवला होता, पण तो तिजोरीत, चांदीच्या ताटाशेजारी. तो तिथून बाहेर आलेला मी कधी पाहिला नाही.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. तेव्हा पडद्यावर चित्रं नसत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि डाव्या बाजूला एक लुकलुकणारी रेघ. ती रेघ म्हणजे मशीन हुकुमाची वाट पाहत उभं आहे. हुकूम इंग्रजीत, पूर्ण आणि बिनचूक टाईप करायचा, मग एंटर मारायचं. एक अक्षर चुकलं की मशीन तुसडेपणानं सांगायचं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. आमची बरीच पोरं खेड्यांतून आलेली, त्यांचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं. हे एक वाक्य मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्यातून लाईटचा भरवसा नाही. लांबलचक हुकूम टाईप करत आणला आणि शेवटच्या अक्षराला लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून हुकूम जितका आखूड तितका बरा. मी शिकवायचो ते मुख्यतः हेच. एफ-थ्री हे बटण दाबलं की मागचा हुकूम आपोआप पुन्हा उमटतो, तो दुसऱ्यांदा टाईप करू नका. फाइलीचं नाव पूर्ण लिहू नका, दोन अक्षरं आणि एक चांदणी टाका, बाकीचं मशीन ओळखून घेतं. रोज तेच पाचसात हुकूम द्यायचे असतील तर ते एका फाइलीत लिहून त्या फाइलीला एका अक्षराचं नाव द्या. मग ते एक अक्षर आणि एंटर, एवढ्यात सगळे हुकूम ओळीनं पाळले जातात. सकाळी दार उघडलं की मी प्रत्येक मशीनवर एक 'के' मारत जायचो आणि हात मागं बांधून उभा राहायचो. मशीनं आपली आपण कामाला लागायची. पुढं मी यापेक्षा पुष्कळ मोठ्या यंत्रांवर काम केलं, पण त्या 'के'इतका रुबाब पुन्हा काही वाट्याला आला नाही.

ही काटकसर सगळ्यांना मानवत होती असं मात्र समजू नका. देवगाव फाट्याकडच्या एका सोसायटीचे सचिव वार्षिक सभेच्या नोटिसा छापायला आमच्याकडे यायचे. प्रत्येक सभासदाच्या नावाची वेगळी नोटीस. पहिल्या वर्षी नावं भरण्यात माझा सगळा दिवस गेला आणि सचिव शेजारी बसून मला सुपारी कातरून देत होते. दुसऱ्या वर्षी नावं मशीनमध्ये होतीच. ते आले, डबा खुंटीला अडकवला, पायातल्या वहाणा काढून मांडी घालून बसले. मी तारीख बदलली, एक अक्षर दाबलं, एंटर मारलं. प्रिंटर खरखरायला लागला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग मी गावात काय सांगू?"

त्यांचा चेहरा पडला होता. नोटिसा त्यांनी एकेक करून तपासल्या, मनासारखी एकही चूक सापडेना. इतक्या लवकर परत गेलं तर चेअरमन म्हणणार, हा परभणीला हिंडायला गेला होता. शेवटी त्यांनी भाकरी आमच्याकडंच खाल्ली, दुपारी शेठच्या गादीवर पडले, आणि गठ्ठा काखेत मारून संध्याकाळच्या गाडीनं गेले. तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो. एका बंद मशीनच्या कीबोर्डवर चांगला तासभर बडवाबडवी केली, मधूनच कपाळाला हात लावला, आणि मग ते एक अक्षर दाबलं. सचिव खूश. मास्तर लय मेहनती हायत, असं त्यांनी सगळ्या सेलू तालुक्यात सांगितलं म्हणे. फक्त शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, त्या बंद मशीनच्या बटणांपायी.

विशाखा खिल्लारे आमच्याकडे आली ती याच्यानंतर. पेडगावच्या पलीकडे आडबाजूला एक खेडं आहे, तिथली. पेडगावपर्यंत चालत आणि तिथून पॅसेंजरनं परभणी. तिचे वडील किसनराव रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या डागडुजीवर होते. म्हणून पोरीला गाडीचा पास होता, पण गाडीला वेळ पाळायची सवय नव्हती. आमच्याकडे एकेका विद्यार्थ्याला मशीन तासभर मिळायचं. विशाखा जिना चढून येईपर्यंत त्यातलं निम्मं सरलेलं असायचं आणि उरलेल्यात तिला सगळं बसवायचं असायचं. माझी काटकसर बाकीच्यांनी ऐकून घेतली, हिनं ती मनावर घेतली.

माहिती भरायला तेव्हा डीबेस नावाचा प्रोग्राम होता. एकेका माणसाची एकेक नोंद असायची: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा. कीबोर्डच्या डाव्या कडेला जी एफ-बटणं असत, त्यांना आपल्याला हवा तो शब्द शिकवता यायचा. मी क्लासातल्या सगळ्या मशीनवर एका बटणाला 'परभणी' शिकवून ठेवलं होतं, एकाला 'जिंतूर', एकाला 'सेलू'. एक ठोका मारला की पूर्ण शब्द उमटायचा. शिवाय मागच्या नोंदीतलं गाव-तालुका पुढच्या नोंदीत जसंच्या तसं आणायचीही सोय होती, म्हणजे एका गावची माणसं ओळीनं असली तर गाव एकदाच टाईप करायचं. विशाखानं हे सगळं असं उचललं की नोंदी भरताना तिचे हात हलताहेत असं वाटायचंच नाही. शेठ डोळे मिटूनच म्हणायचे, "ह्या पोरीचा आवाजच येत न्हाई. आशी धा पोरं आणा मास्तर." शेठच्या तोंडून स्तुती मी तिची एकटीचीच ऐकली.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीचे दिवस होते. कधी मोर्चा, कधी बंद. बंद असला की शेठ खालचं शटर अर्धं ओढून घ्यायचे आणि वर मशीनं चालू ठेवायचे. अशा दिवशी विशाखा यायची नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच विषयावर तावातावानं बोलणं चाललेलं असायचं आणि ती जिन्यात दिसली की ते एकदम थांबायचं. तिला ते कळायचं. ती कुणाकडं न पाहता मशीन सुरू करायची आणि हातातला कागद पुढं घ्यायची. मीही त्या वेळी काही बोलत नसे, मास्तरनं अशा भानगडीत पडू नये अशी तेव्हा माझी समजूत होती.

त्याच सुमारास जिल्ह्यातल्या एका कचेरीत माहिती भरणाऱ्या ऑपरेटरच्या जागा निघाल्या. त्यातली एक राखीव होती. विशाखानं अर्ज केला. जाहिरातीत पात्रता लिहिली होती, ताशी इतके हजार 'की डिप्रेशन', म्हणजे तासाला इतक्या वेळा बटण दाबता आलं पाहिजे. मी ती ओळ वाचली आणि तिच्याकडं काणाडोळा केला. ठोक्यांनी आजवर कुणाचं काम झालंय, असं मला वाटलं.

कचेरीकडे स्वतःची पुरेशी मशीनं नव्हती, त्यामुळं परीक्षा आमच्याच क्लासात ठेवली गेली आणि मशीनं सांभाळायला मीही तिथं उभा. परीक्षा घ्यायला आलेले साहेब पुण्याकडचे, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी सोबत एक छोटा प्रोग्राम आणला होता. उमेदवार डीबेसमध्ये नोंदी भरत असताना हा प्रोग्राम मागं दडून बसायचा आणि बटण किती वेळा दाबलं गेलं एवढंच मोजायचा. शेठना हे कळलं तेव्हा ते माझ्या कानाशी लागले, "मास्तर, ही बटणं मोडायची परीक्षा हाय का?" जागेचं भाडं आधीच घेऊन बसल्यामुळं त्यांना गप्प राहावं लागलं.

परीक्षा सुरू झाली. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेले उमेदवार तुटून पडले. विशाखानं आपली एफ-बटणं वापरली, मागचं गाव पुढं आणलं, वेळ संपायच्या बऱ्याच आधी सगळा कागद बिनचूक भरला आणि हाताची घडी घालून बसली. मी अभिमानानं फुललो. साहेबांकडं पाहून हसलोसुद्धा. साहेबही हसले, पण ते नुसतं सौजन्याचं होतं, हे मला निकाल लागला तेव्हा कळलं.

विशाखा नापास झाली. तिचे ठोके लागतात त्यांच्या निम्म्यानंही भरले नव्हते. आणि सर्वसाधारण जागेवर पहिला आलेला गडी कोण, तर जो प्रत्येक शब्द आधी चुकवायचा, मग एकेक अक्षर पुसायचा आणि पुन्हा लिहायचा. पुसण्याचे ठोकेही मोजले गेले होते. त्याचा कागद निम्माच भरून झाला होता, पण त्यानं बटणं सगळ्यांत जास्त दाबली होती. राखीव जागेपुढं शेरा पडला, 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही.'

मला संताप आला, फार आला. मी साहेबांना कचेरीत जाऊन गाठलं. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. तिनं सर्वांत जास्त काम केलं हे त्यांना मान्य होतं. पण काम किती झालं हे लिहायला त्यांच्याकडं रकाना नव्हता, रकाना ठोक्यांचा होता. जागा पुन्हा एकदा भरायला निघणार आहे, तेव्हा बघू, म्हणाले. त्या वेळीही कुणी पात्र ठरलं नाही तर ती जागा पुढं राखीव राहणार नाही, असं कचेरीतली मंडळी बाहेर बोलत होती.

चार दिवसांनी किसनराव क्लासात आले. अंगावर गँगचा निळा सदरा, पायताणं जिन्याच्या खाली काढून ठेवलेली. खुर्चीवर बसायला त्यांनी नकार दिला.

"सर, पोरगी हळू हाय का?"

"न्हाई हो. लय फास्ट हाय."

"मंग?"

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून शांतपणे ऐकलं. म्हणाले, "आमच्यात बी तसंच हाय. मुकादम लांबून बगतो. घण वरखाली व्हताना दिसला पायजे." मग खऱ्या विषयावर आले. पोरगी रोज एकटी गाडीनं येते, दिवस हे असे, ती परत येईपर्यंत घरी कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. या खेपेला झालं तर झालं, नाहीतर क्लास बंद. "म्या तिला बोललोय. ती हो म्हन्ली. तुमी फकस्त तिला दिसंल असं करायला शिकवा."

असा मी, बटणांच्या काटकसरीचा परभणीतला आद्य पुरस्कर्ता, उधळपट्टी शिकवायला बसलो. तीही सोपी राहिली नव्हती. मागच्या निकालावर तक्रारी गेल्यामुळं साहेबांनी मोजणारा प्रोग्राम सुधारून घेतला होता. आता पुसण्याचे ठोके धरणार नव्हते, आणि एकच बटण लागोपाठ दाबलं तर तो एकच ठोका. फुकटचे ठोके मारायच्या सगळ्या वाटा बंद. उरलं एकच, प्रत्येक शब्द पूर्ण टाईप करायचा.

"सर, परभणीला आठ बटणं लागतेत," विशाखा म्हणाली. "दर नोंदीला आठ. आन् ते एका बटणात येतंय. कशासाठी?"

"नोकरीसाठी," मी म्हणालो.

तिला ते पटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. सवय अशी की तिचा हात आपोआप डाव्या कडेला जायचा. शेवटी मी त्या एफ-बटणांवर चिकटपट्टी लावली. पट्टीला बोट लागलं की ती दचकायची आणि मुकाट्यानं आठ अक्षरं लिहायची. शेठना आवाजातला फरक दुसऱ्याच दिवशी कळला. मी कारण सांगितलं. वाटलं होतं, कुरकुर करतील. ते नुसते उठून खाली गेले आणि परीक्षेपर्यंतचा महिनाभर तिच्या मशीनकडं कान देऊन बसले नाहीत.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी किसनराव मुलीला पोचवायला आले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. साहेब आले. मशीनं पाहताना त्यांना ती चिकटपट्टी दिसली. मशीन मूळ स्थितीत हवं, असं म्हणून त्यांनी ती काढायला लावली. मी एफ-बटणांना शिकवलेले शब्द पुसू का विचारलं, तर आता मशीनला कुणीच हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

एफ-बटणांचा आवाज वेगळा येतो, जरा पोकळ. परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच नोंदीला तो आवाज माझ्या कानावर आला. मग दुसऱ्या नोंदीला, तिसऱ्या नोंदीला. मनावर दडपण होतं आणि बोटं आपली ओळखीच्या वाटेनं निघाली होती. मला बोलायची परवानगी नव्हती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिलं पान होऊन दुसरं निम्मं झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं. तिचे हात थांबले. तिनं डावा हात मांडीखाली दाबून धरला, थोडा वेळ तशीच बसली, आणि मग पूर्ण शब्द लिहू लागली. पण झालेल्या नोंदी झाल्या होत्या.

कागद तिनं याही वेळी सगळ्यांच्या आधी संपवला. घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ठोके कमी पडताहेत हे मला नुसत्या आवाजावरून कळत होतं, तिलाही कळत असणार. मी नजर खाली घातली. करण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

तिनं कागद पालथा घातला आणि पुन्हा सुरुवात केली. समोर काही नव्हतं आणि ती टाईप करत होती. एकेक बटण स्पष्ट, शेवटपर्यंत दाबलेलं, असा आवाज तिच्या मशीनमधून मी कधी ऐकला नव्हता. दारात बसलेल्या शेठनी डोळे उघडले. साहेब घड्याळ बघत होते. वेळ संपल्याचं सांगेपर्यंत ती थांबली नाही.

ठोके भरले होते, वर थोडे जास्तच. भरलेल्या नोंदींची छपाई झाली आणि नेहमीप्रमाणं लाईट गेली. पंखे थांबले, प्रिंटर थांबला, खाली रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू यायला लागली. बाकीचे उमेदवार गेले. साहेब विशाखाचे कागद घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि पानं उलटता उलटता थांबले.

"या नोंदी कुठल्या? आमच्या कागदात नाहीत."

"कागद सरला साहेब. येळ उरला व्हता."

"म्हणून तुम्ही मनानं नावं घातलीत?"

"मनानं न्हाई. आमच्या वस्तीतली मान्सं हायत."

साहेबांना काय करावं ते कळेना. ठोके भरले आहेत, पण चुका काढायच्या तर मूळ कागदाशी ताडून पाहायला हवं, आणि या नोंदींना मूळ कागदच नाही. एवढ्या नोंदी सोडून द्याव्यात तर ठोके कमी पडतात. त्यांनी ते तिला तसं स्पष्ट सांगितलं. ते काही वाकड्यात शिरत नव्हते, खरोखरच अडले होते.

"तुमी नुस्तं पयलं नाव वाचा," विशाखा म्हणाली. "पुढचं मी सांगते. चुकलं तर चूक धरा."

आणि ती त्यांच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. साहेबांनी पेन्सिल काढली. एकही चूक निघाली तर हे सगळं बाद, असं बजावलं आणि वाचायला सुरुवात केली. ते नाव वाचत आणि ती बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा सांगे. धोंडाबाई. "मारोती ढवळे." कोंडिबा. "सटवाजी वाघमारे." मध्येच त्यांनी विचारलं, एवढ्यांची पूर्ण नावं तुम्हाला पाठ कशी. ती भिंतीकडं पाहतच म्हणाली, "गावात ह्यान्ला धोंडी, कोंड्या आसंच बोलिवतेत. म्हाताऱ्याला बी. पुरं नाव कोन्ही घेत न्हाई. म्हनून म्या ध्यानात ठिवलेत." साहेबांनी पुढचं नाव वाचलं. प्रत्येक नावापुढं पेन्सिलीची खूण होत गेली. शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी दोन वर्षं तिला शिकवत होतो आणि यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं, याची लाज मला तिथं उभ्या उभ्या वाटली.

शेवटचं नाव आलं. "किसन," साहेबांनी वाचलं.

ती काही बोलली नाही. तिची पाठ हलत होती. साहेबांनी पुन्हा वाचलं, तरी आवाज नाही. एवढी एक नोंद राहिली होती. साहेबांनी थोडी वाट पाहिली, मग चष्मा सावरून इंग्रजी अक्षरं जुळवत सगळं नाव त्यांनीच मोठ्यानं वाचलं.

"किसन रामजी खिल्लारे?"

जिन्यातून पावलं वाजली. आमच्याकडे अशा माणसाचं पूर्ण नाव सरकारी माणूसच घेतो, आणि घेतो तेव्हा बहुतेक काहीतरी वाईट झालेलं असतं. किसनराव दारात येऊन उभे राहिले, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतलेला.

"जी, सायब."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग हातातल्या कागदाकडं. "किसन रामजी खिल्लारे तुम्हीच?"

"व्हय, सायब. काय चुकलं का?"

"नाही," साहेब म्हणाले, "बरोबर आहे." त्या नावापुढं त्यांनी खूण केली आणि खाली लिहिलं, 'पात्र'.